क्लच गेला म्हणजे नेमकं काय गेलं?

चिपळूणहून कुंभार्ली घाट चढणारी एखादी वीस वर्षं जुनी मारुती 800 डोळ्यांसमोर आणा. आत चार माणसं, मागे सामान. चढ लागला की चालक अॅक्सिलरेटर दाबतो, इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही. कऱ्हाडला पोचल्यावर गॅरेजमध्ये सांगायची तक्रार तयार असते : "गाडी ओढत नाही." आणि ऐकायला मिळणारं उत्तरही बहुतेकदा तयार असतं : "क्लच गेला. गिअरबॉक्स उतरवावा लागेल."

निदान बरोबर असू शकतं. पण ओढ कमी होण्याची किमान तीन वेगवेगळी कारणं असतात. इंजिनच अशक्त झालेलं असू शकतं, एखाद्या चाकाचा ब्रेक चिकटून राहिलेला असू शकतो किंवा क्लच घसरत असू शकतो. तिन्हींचा खर्च वेगळा आणि तिन्ही ओळखण्याची रीतही वेगळी. ब्रेक चिकटला असेल तर थोडं अंतर चालवून थांबल्यावर एका चाकाची डिस्क किंवा ड्रम बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला लागतो, आणि सपाटीवर न्यूट्रलमध्ये गाडी ढकलायला जड जाते. इंजिन अशक्त असेल तर रेस देऊनही आवाज चढत नाही, कुंथत राहतो. क्लच घसरत असेल तर आवाज चढतो, वेग चढत नाही. मारुती 800च्या साध्या मॉडेलांत इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा नव्हता, त्यामुळे हा फरक कानानेच ओळखावा लागतो.

क्लचची अडचण अशी, की तो दिसत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या घंटेसारख्या आवरणात, बेल हाउसिंगमध्ये, तो बंद असतो. तो पाहायचा तर गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो आणि मारुतीसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत त्याआधी अॅक्सल काढावे लागतात. सुट्या भागांइतकंच महत्त्वाचं बिल इथे मजुरीचं असतं. म्हणून बाहेरून जे तपासता येतं ते सगळं तपासून झाल्याशिवाय आवरण उघडायचं नाही, हा क्लचच्या निदानाचा क्रम. पेडल, वायर, आवाज, वास आणि गिअरचं वागणं एवढ्यावरून आतल्या बिघाडाचा बराचसा अंदाज येतो.

दोन कामं, दोन प्रकारचे बिघाड

इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील हे जड लोखंडी चाक असतं. त्याला चिकटून क्लच प्लेट आणि तिच्या मागे प्रेशर प्लेट. प्रेशर प्लेटमधली बशीच्या आकाराची डायफ्रॅम स्प्रिंग क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते. क्लच प्लेटच्या मधल्या दातेरी भोकात गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट बसलेला असतो, त्यामुळे प्लेट फिरली की शाफ्ट फिरतो. पेडल दाबलं की वायर ओढली जाते, फोर्क हलतो, रिलीज बेअरिंग पुढे सरकून डायफ्रॅमच्या पात्यांवर दाब देतं आणि स्प्रिंगची पकड सुटते.

म्हणजे क्लचची कामं दोनच : धरणं आणि सोडणं. तो नीट धरत नसेल तर घसरतो, नीट सोडत नसेल तर गिअर पडत नाहीत. गचके आणि आवाज या तक्रारी या दोन्हींच्या आजूबाजूला येतात. तक्रार कोणत्या खान्यात बसते हे ठरलं की निम्मं काम होतं, कारण दोन्ही खान्यांतल्या दुरुस्त्या बऱ्याचदा उलट दिशेच्या असतात. घसरणाऱ्या क्लचची वायर सैल करावी लागते, न सुटणाऱ्याची ताणावी लागते. निदान चुकवून पाना फिरवला, तर आहे तो बिघाड वाढतो.

धरण्याचा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. सुरुवातीच्या अनेक गाड्यांत शंकूच्या आकाराचा, चामड्याचं अस्तर लावलेला क्लच असे. त्यावर तेल गेलं की तो घसरू लागायचा, आणि तेव्हाचे मोटारवाले त्यावर चक्क मुलतानी माती भुरभुरवत. ती तेल शोषून घेते, म्हणून काही काळ काम भागे. अस्तराचे पदार्थ पुढे बदलले, तेल हा क्लचचा शत्रू मात्र तसाच राहिला.

घसरतो आहे का?

घसरण्याची सुरुवात वरच्या गिअरमध्ये लक्षात येते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे एरवीही झपाट्याने वाढतात, त्यात थोडं घसरणं लपून जातं. म्हणून चाचणी चौथ्या गिअरमध्ये घ्यायची. मोकळ्या, किंचित चढाच्या रस्त्यावर गाडी 40 ते 50 किलोमीटर वेगाने चालवायची आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. क्लच चांगला असेल तर आवाज आणि वेग हातात हात घालून सावकाश वाढतात. आवाज एकदम वर गेला आणि वेग मागेच राहिला, तर क्लच घसरतोय. सोबत जळक्या अस्तराचा उग्र वास आला तर शंकेला जागा उरत नाही.

जुने मिस्त्री उभ्या गाडीवरही एक चाचणी घेतात. हँडब्रेक ओढायचा, चौथा गिअर टाकायचा, थोडी रेस देऊन क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन लगेच बंद पडलं तर पकड शाबूत आहे. ते बंद न पडता फिरतच राहिलं तर प्लेट घसरतेय. ही चाचणी एकदाच घ्यायची, कारण त्या काही सेकंदांत प्लेट चांगलीच तापते. हँडब्रेक भरवशाचा हवा आणि गाडीच्या पुढे-मागे कुणीही उभं नको.

घसरण्याची कारणं शोधताना पहिला हात पेडलकडे न्यावा. पेडल हाताच्या बोटांनी दाबलं की सुरुवातीला ते विनासायास खाली जातं आणि मग जड लागतं. या मोकळ्या प्रवासाला गॅरेजच्या भाषेत 'प्ले' म्हणतात. वायरवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत तो साधारण 15 ते 30 मिलिमीटर असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, आणि तो मोजायला शाळेची पट्टी पुरते.

पुष्कळ चालकांची समजूत अशी, की क्लच झिजला की प्ले वाढत जातो. घडतं उलट. प्लेटचं अस्तर पातळ झालं की प्रेशर प्लेट तेवढीच फ्लायव्हीलच्या दिशेने पुढे सरकते, आणि डायफ्रॅमच्या पात्यांची आतली टोकं मागे, रिलीज बेअरिंगकडे येतात. बेअरिंग आणि पाती यांच्यातली मोकळी जागा कमी होते, प्ले घटतो आणि पेडल अधिकाधिक वर असतानाच क्लच धरू लागतो. वेळेवर वायर सैल केली नाही तर एक दिवस प्ले शून्यावर येतो. मग बेअरिंग सतत पात्यांवर टेकलेलं राहतं, पाय पेडलवर नसतानाही क्लच किंचित दाबलेला असतो आणि प्लेट घसरू लागते. अशा वेळी गिअरबॉक्सकडच्या टोकाचा नट थोडा सैल केला, की काही मिनिटांत गाडी पूर्ववत ओढू लागते. अस्तर अजून शिल्लक असेल तर ही दुरुस्ती बराच काळ टिकते. नट शेवटपर्यंत सैल करूनही प्ले मिळत नसेल, तर अस्तर संपलं आहे.

प्ले बरोबर असूनही गाडी घसरत असेल, तर संशय तेलावर. बेल हाउसिंगच्या खालच्या बाजूला तेलाचा थेंब लोंबतोय का, हे वाकून पाहावं. तेल दोन ठिकाणांहून येऊ शकतं : फ्लायव्हीलकडच्या क्रँकशाफ्टच्या ऑइल सीलमधून किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलमधून. दोन्ही ओळखण्याचा सोपा मार्ग नाक. इंजिन ऑइल काळपट असतं, गिअर ऑइलला गंधकाचा ठळक वास येतो. हा शोध महत्त्वाचा, कारण नवी प्लेट बसवली आणि सील जुनंच ठेवलं, तर नवी प्लेटही लवकरच तेलात भिजते.

गिअर पडत नाही तेव्हा

दुसऱ्या खान्यातली तक्रार ऐकून ओळखता येते. रिव्हर्स टाकताना कर्रकर्र आवाज येतो, पहिला गिअर धक्का देऊन बसवावा लागतो, सिग्नलला क्लच दाबूनही गाडी पुढे सरकू पाहते. इथे क्लच पूर्ण सुटत नाही आहे, किंवा गिअरबॉक्समध्येच काही बिघडलं आहे. दोन्ही वेगळे करण्याच्या तीन सोप्या रीती आहेत.

पहिली : इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहायचे. बंद इंजिनावर सगळे सहज पडतात आणि सुरू इंजिनावर अडतात, तर दोष क्लचकडे. बंद इंजिनावरही गिअर अडकत असतील तर गिअर लिव्हरची जोडणी किंवा गिअरबॉक्स तपासायचा.

दुसरी : इंजिन सुरू, क्लच पूर्ण दाबलेला, तसंच तीन-चार सेकंद थांबायचं आणि मग हळूच रिव्हर्स टाकायचा. बहुतेक जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो, म्हणजे फिरत्या आणि थांबलेल्या गिअरचा वेग जुळवणारी यंत्रणा त्याच्यापाशी नसते. म्हणूनच तो क्लचची खरी परीक्षा घेतो. थांबल्यावर रिव्हर्स आवाज न करता पडला, तर क्लच सुटतोय आणि आधीची कर्रकर्र फक्त घाईची होती. थांबूनही कर्रकर्र झाली, तर इनपुट शाफ्ट अजून फिरतो आहे. क्लच पूर्ण सुटत नाही.

तिसरी : नेमका कोणता गिअर कुरकुरतो ते पाहायचं. सगळे गिअर त्रास देत असतील तर क्लच. एकटा दुसरा गिअर, तोही चालत्या गाडीत खाली आणताना कुरकुरत असेल, तर त्या गिअरचा सिंक्रोनायझर झिजला आहे. नवी क्लच प्लेट टाकून तो बरा होत नाही.

क्लच सुटत नसेल तर सर्वांत आधी वायर. तिच्यात पोलादाचे अनेक तंतू पिळलेले असतात आणि ते एकेक करून तुटतात, बहुतेकदा टोकांपाशी, जिथे वायर वाकते. तंतू तुटू लागले की वायर लांबते, प्ले वाढतो आणि पेडल तळाला लागूनही फोर्क पुरता हलत नाही. आवरणाच्या आत गंज किंवा चिखल शिरला की पेडल जड होतं. पेडल जड होण्याचं कारण वायर की प्रेशर प्लेट, हे कळण्यासाठी गिअरबॉक्सकडचं टोक सोडवून वायर नुसती मागेपुढे ओढून पाहायची. मोकळी वायरही अडखळत असेल तर तीच बदलायची, आणि ते काम गिअरबॉक्स न उतरवता होतं.

नवी वायर थोड्याच दिवसांत पुन्हा जड झाली किंवा तिचं प्लॅस्टिक आवरण वितळलेलं दिसलं, तर मात्र प्रश्न क्लचचा नसतोच. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून ते आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची जाड पट्टी लागते. ही पट्टी गंजली किंवा सैल झाली, की सेल्फ मारताना लागणारा प्रचंड विद्युतप्रवाह परतीचा दुसरा मार्ग शोधतो, आणि इंजिनापासून बॉडीपर्यंत जाणारी क्लच वायर त्याला आयतीच सापडते. ती आतून तापते आणि खराब होते. पट्टीची दोन्ही टोकं घासून साफ केली आणि बोल्ट घट्ट केले, की वायरी जळणं थांबतं.

काही गाड्यांत वायरच्या जागी तेलाचा दाब काम करतो. टाटा सुमोमध्ये अशीच हायड्रॉलिक रचना होती. तिथे पेडल पटापट दोन-चारदा मारून पाहायचं. पंप केल्यावर गिअर नीट पडू लागले, तर लाइनमध्ये हवा शिरली आहे किंवा मास्टर अथवा स्लेव्ह सिलिंडरचं रबर गेलं आहे. स्लेव्ह सिलिंडरचं रबरी टोपण उचलून आत ओल दिसते का, हेही पाहावं. ब्रेक पॅड झिजल्यावर ब्रेकच्या टाकीतली पातळी थोडी खाली जाते, ते नैसर्गिक आहे. क्लचला ही सवलत नाही. त्याची टाकी वेगळी असेल आणि पातळी उतरत असेल, तर कुठेतरी गळती आहेच.

कोकणातल्या पावसाळ्याचा एक खास बिघाड आहे. चाकरमान्याची गाडी जूनमध्ये पडवीशेजारी उभी राहते ती गणपतीलाच सुरू होते. इतक्या दिवसांच्या दमट हवेत फ्लायव्हीलचा पृष्ठभाग गंजतो आणि क्लच प्लेट त्याला चिकटून बसते. इंजिन सुरू होतं, पेडल नेहमीसारखं दबतं, पण एकही गिअर पडत नाही. इथे काही तुटलेलं नसतं. मिस्त्री इंजिन आधी चांगलं गरम करून बंद करतात. मग मोकळ्या मैदानात क्लच दाबून, दुसरा गिअर टाकूनच सेल्फ मारतात. गाडी क्लच दाबलेला असूनही पुढे निघते, आणि अॅक्सिलरेटर-ब्रेकच्या एक-दोन झटक्यांनी प्लेट सुटते. समोर भिंत, विहीर किंवा माणूस असलेल्या अंगणात हा प्रयोग करू नये.

आवाजाची जागा

क्लचच्या आसपासच्या बेअरिंगांचं निदान आवाज पेडलच्या कोणत्या टप्प्यावर येतो यावरून होतं, आणि त्यामागे साधं तर्कशास्त्र आहे. न्यूट्रलमध्ये, पेडल सोडलेलं असताना, इनपुट शाफ्ट इंजिनाबरोबर फिरत असतो. पेडल पूर्ण दाबलं की तो थांबतो. रिलीज बेअरिंगवर भार येतो तो पेडल दाबल्यावरच.

त्यामुळे न्यूट्रलमध्ये येणारी घरघर पेडल पूर्ण दाबताच थांबत असेल, तर संशय इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. उलट पेडलवर पाय ठेवून प्ले संपताच चिरचिर किंवा घर्र आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग कोरडं पडलं आहे. काही गाड्यांत फ्लायव्हीलच्या मध्यभागी इनपुट शाफ्टचं टोक पेलणारं पायलट बेअरिंग असतं. त्याचा आवाज पेडल पूर्ण दाबल्यावर येतो, कारण फ्लायव्हील फिरतंय आणि शाफ्ट थांबलाय अशी स्थिती तेव्हाच असते. इंजिन आयडलिंगला असताना खडखड येते आणि क्लच दाबल्यावर जाते, पण घरघर मात्र नाही, असं असेल तर क्लच प्लेटच्या मधल्या भागातल्या छोट्या स्प्रिंगा सैल झाल्याची किंवा तुटल्याची शक्यता असते.

गाडी उचलताना गचके बसत असतील तर प्लेटवर तेल किंवा फ्लायव्हीलवर तापून पडलेले डाग, ही नेहमीची कारणं. पण गिअरबॉक्स उतरवण्याआधी इंजिनाची माउंटिंग पाहून घ्यावीत. मारुती 800चं 796 सीसी इंजिन तीन सिलिंडरचं, त्यामुळे मुळातच थोडं थरथरणारं. त्याच्या माउंटिंगचं रबर फाटलं की क्लच धरताना अख्खं इंजिन कलंडतं, त्या हालचालीने वायरही ओढली जाते, आणि क्लच आपोआप दाबला-सोडला जाऊ लागतो. लक्षण क्लचचं, दोष रबराचा.

उष्णतेचा हिशेब

क्लच प्लेट झिजते ती घसरताना, आणि घसरणं अपरिहार्य असतं, कारण फिरतं इंजिन उभ्या चाकांशी जोडायचं तर थोडा वेळ दोघांच्या वेगात फरक राहणारच. सपाटीवर ही किंमत फार नसते. माणसांसह 800 किलोची गाडी ताशी 10 किलोमीटर वेगापर्यंत उचलताना क्लचमध्ये सुमारे 3 किलोज्यूल उष्णता तयार होते.

आता हीच गाडी दहास एक चढावर, हँडब्रेक न ओढता, हाफ क्लचवर तोलून धरली असं समजा. गाडी जागची हलत नाही, इंजिन मिनिटाला दीड हजार फेरे घेतंय आणि त्याची सगळी ताकद प्लेटवर घासण्यात जातेय. पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल मिळून इंजिनाचा पीळ साधारण पंधरापट होतो, हे धरून हिशेब केला तर क्लचमध्ये सुमारे 2 किलोवॉट उष्णता सतत निर्माण होते, म्हणजे घरातल्या गिझरइतकी. एक मिनिट असं थांबलं तर 120 किलोज्यूल. सपाटीवरच्या चाळीस सुरुवातींची झीज एका मिनिटात. घाटातल्या वाहतूककोंडीत तासभर पुढे-मागे करत थांबलेल्या गाडीच्या क्लचमधून वास का येतो, याचं उत्तर या आकड्यांत आहे. असा वास आला तर गाडी बाजूला घेऊन, हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये काही वेळ थांबू द्यावी. थंड झाल्यावर पकड परत आली तर अस्तर वाचलं असण्याची शक्यता असते. अस्तर चकचकीत काचेसारखं झालं असेल, तर पकड पूर्णपणे परतत नाही.

गिअरबॉक्स उतरवल्यावर

बाहेरच्या सगळ्या तपासण्या करूनही बोट आतच जात असेल, तर मग उघडायचं आणि एकदाच उघडायचं. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे तिन्ही एकत्र बदलण्याची रीत यासाठीच पडली आहे. बेअरिंगची किंमत वाचवायला जावं आणि सहा महिन्यांनी तेवढ्यासाठी पुन्हा सगळी मजुरी द्यावी लागते.

जुनी प्लेट हातात आली की गाडीच्या मालकाने ती पाहायला मागावी. अस्तर ज्या रिव्हेटांनी बसवलेलं असतं त्यांची डोकी पृष्ठभागापासून किती खोल आहेत, यावरून झीज कळते. ही खोली अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास उरली की प्लेट संपली. रिव्हेट वर आले असतील तर त्यांनी फ्लायव्हीलवर गोल चरे पाडलेले दिसतील. अस्तर जाड पण तेलकट असेल तर दोष सीलचा. फ्लायव्हीलवर निळसर डाग असतील तर ते अतितापाचे, आणि तो लेथवर घासून घ्यावा लागू शकतो. प्लेटच्या मधले दाते गंजलेले असतील तर क्लच न सुटण्याचं कारण तिथेच सापडतं.

आवरणात साचलेली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची गॅरेजमधली सवय धोक्याची आहे. जुन्या काळच्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असे, आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले की कर्करोगासह गंभीर आजार होऊ शकतात. वीस-तीस वर्षं जुन्या गाडीत कोणत्या काळाचं अस्तर बसलं आहे हे बघून ओळखता येत नाही. ओल्या फडक्याने पुसून काढणं हा सुरक्षित मार्ग.

नवी प्लेट बसवताना तिची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे हवी याची खूण पाहिली जाते, आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळण्याआधी ती बरोबर मध्यावर आणली जाते. त्यासाठी खास दांडा मिळतो. अनेक मिस्त्री जुना इनपुट शाफ्टच वापरतात. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळायचे. गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन प्लेटच्या मधल्या भागावर लोंबकळू दिलं तर प्लेट वाकते, आणि नवा क्लच पहिल्याच दिवशी सुटेनासा होतो.

नव्या अस्तराला फ्लायव्हीलशी जुळायला सुरुवातीचे काही शे किलोमीटर लागतात. तोवर भरलेली गाडी घाटात हाफ क्लचवर ओढू नये. या काळात अस्तर थोडं बसतं आणि प्ले बदलतो, म्हणून महिन्याभराने पुन्हा एकदा पेडलशेजारी पट्टी धरून माप घ्यायचं आणि गरज पडली तर वायरचा नट फिरवून ते पुस्तिकेतल्या आकड्यावर आणायचं.